शितावरून भाताची परीक्षा

श्रोतेहो, भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आपल्या घरांतील गृहिणी सगळें पातेलें रिकामें करीत नाहीं. ती पळीनें चार शितें काढते, बोटांत दाबून पाहते आणि पुन्हां झांकण ठेवते. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण या रोजच्या अनुभवांतून आली. आपल्याकडे दुसरीही एक म्हण आहे : व्यक्ति तितक्या प्रकृति. वैद्याचा उंबरठा झिजविलेल्या प्रत्येक मनुष्यानें ती केव्हांतरी उच्चारलेली असते. आज ज्या प्रयत्नाचा इतिहास मी आपणांपुढें मांडणार आहें, त्याच्या मुळाशीं या दोन्ही म्हणींतील शहाणपण आहे.

प्रश्न असा आहे. एखाद्या घरांत कर्करोगाचें निदान होतें. डॉक्टर सांगतात कीं, या रोगावर चार-पांच औषधें आहेत. अमुक औषध दिलें असतां शंभरांपैकीं चाळीस रोग्यांची गांठ आटते, तमुक दिलें असतां तिसांची. घरचीं माणसें विचारतात, “पण आमचा रोगी त्या चाळिसांतला कीं उरलेल्या साठांतला?” यावर डॉक्टरांपाशीं उत्तर नसतें. तेव्हां अगदीं साध्या बुद्धीला सुचेल असा उपाय सुचतो. रोग्याच्या गांठीचा एक तुकडा काढावा, त्यांतील पेशी कांचेच्या तबकडींत जगवाव्या, त्यांवर एकेक औषध घालून पाहावें, आणि ज्यानें त्या मरतील तेंच औषध रोग्याला द्यावें. विषाची परीक्षा रोग्याच्या अंगावर करण्याऐवजीं त्याच्या पेशींवर करावी, एवढेंच हें मागणें आहे.

हें मागणें अवाजवी नाहीं, कारण वैद्यकाच्या दुसऱ्या एका दालनांत तें रोज पुरविलें जातें. जखमेंतला पू प्रयोगशाळेंत धाडतात. तेथें त्यांतले जंतु वाढवितात. त्यांवर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवितात. ज्या टिकलीभोंवतीं जंतूंची वाढ खुंटते तें औषध निवडतात. जंतूंच्या बाबतींत जें इतकें सुलभ झालें, तें कर्करोगाच्या बाबतींत सत्तर वर्षे खटपट करूनही सुलभ कां झालें नाहीं, ही आजची हकीकत आहे.

केमोथेरपी हा शब्द रूढ केला जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनीं. एकेका रासायनिक द्रव्याला क्रमांक द्यावयाचा, रोगट प्राण्यांवर तें पारखावयाचें आणि मग मनुष्याकडे वळावयाचें, ही त्यांची रीत होती. १९०९ सालीं त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांना उपदंशाच्या सशांवर ६०६ क्रमांकाचें द्रव्य गुणकारी आढळलें, व पुढच्याच वर्षीं तें साल्व्हर्सान या नांवानें बाजारांत आलें. तिकडे अमेरिकेंत १९०७ सालीं रॉस हॅरिसन यांनीं बेडकाच्या गर्भांतील मज्जापेशी शरीराबाहेर, लसिकेच्या एका थेंबांत जिवंत ठेवून त्यांचे तंतु वाढतांना पाहिले. पेशी शरीराबाहेर जगूं शकते, हें तेव्हां सिद्ध झालें. औषध पारखण्याची कल्पना आणि पेशी जगविण्याची कला हीं दोन्हीं अशा रीतीनें एकाच सुमारास जन्मास आलीं. परंतु त्यांची गांठ पडावयास पुढें चाळीसएक वर्षे लागलीं. कारण कर्करोगावर पारखण्याजोगें औषधच जवळ नव्हतें.

तें औषध युद्धानें दिलें. मोहरीवायु हें पहिल्या महायुद्धांतलें भयंकर अस्त्र. त्याच्याच जातीच्या नायट्रोजन मस्टर्ड या द्रव्यावर येल विद्यापीठांत लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन हे काम करीत होते. हें विष रक्तांतील पांढऱ्या पेशींचा नाश करतें, असें त्यांच्या ध्यानांत आलें. ऑगस्ट १९४२ मध्यें, इतर सर्व उपाय हरलेल्या एका लसिकाग्रंथीच्या कर्करोग्याला तें टोंचण्यांत आलें. त्याच्या गांठी थोड्याच दिवसांत विरघळल्या. पण त्या पुन्हां आल्या आणि तो मनुष्य त्याच वर्षअखेर मरण पावला. युद्धाच्या गुप्ततेमुळें ही हकीकत १९४६ पर्यंत प्रसिद्ध झाली नाहीं. डिसेंबर १९४३ मध्यें इटलींतील बारी बंदरावर जर्मन विमानांनीं हल्ला केला, तेव्हां मोहरीवायूचे बॉम्ब वाहणारें एक अमेरिकन जहाज फुटलें. त्यांत सांपडलेल्या खलाशांच्या रक्तांतही पांढऱ्या पेशी नाहींशा झालेल्या आढळल्या. या औषधाचा उगम बारींत झाला असें पुष्कळदां सांगतात, पण येलचा प्रयोग त्यापूर्वीं वर्षभर झालेला होता.

यानंतर १९४८ सालीं बोस्टनचे सिडनी फार्बर यांनीं ल्यूकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना अमिनॉप्टेरिन हें औषध दिल्याचें प्रसिद्ध केलें; त्यांपैकीं दहांना कांहीं काळ उतार पडला. हें द्रव्य तयार झालें तें लेडर्ली या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेंत, आणि तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रांतील भीमवरम येथें जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बाराव. त्याच वर्षीं त्यांचें अकालीं निधन झालें. अमिनॉप्टेरिनचें भावंड मेथोट्रेक्सेट हें मात्र आजही जगभर वापरांत आहे.

आतां औषधें हातीं आलीं, आणि त्याबरोबर निवडीचा प्रश्नही आला. तो ज्यांनीं चिकाटीनें हातीं घेतला त्यांत एका बापलेकीचें नांव अग्रभागीं आहे.

न्यूयॉर्कमधील हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती. तेथील हार्लेम रुग्णालयांत १९१९ सालीं नेमलेले पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर म्हणजे लुई राइट. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या आघाडीवर फॉस्जीन वायूनें त्यांचीं फुप्फुसें कायमचीं अधू झालीं होतीं. युद्धांतल्या विषारी वायूनें पोळलेला हा मनुष्य उतारवयांत दुसऱ्या एका विषारी वायूपासून निघालेल्या औषधाचा उपयोग कर्करोग्यांना कसा होईल याचा शोध घेऊं लागला. १९४८ सालीं त्यांनीं हार्लेम रुग्णालयांत कर्करोगसंशोधनाची संस्था स्थापिली. १९४९ सालीं त्यांची कन्या डॉ. जेन राइट त्यांच्या हाताखालीं आली. महाविद्यालयांत ती प्रथम चित्रकला शिकत होती. नंतर तिनें वैद्यकाकडे मोर्चा वळविला. १९५२ सालीं वडील वारले, आणि वयाच्या तेहेतिसाव्या वर्षीं संस्थेची सूत्रें तिच्या हातीं आलीं.

जेन राइट यांनीं मेथोट्रेक्सेटचा उपयोग स्तनाच्या कर्करोगावरही होतो हें १९५१ सालीं दाखविलें. तोंवर हीं औषधें रक्ताच्या व लसिकेच्या कर्करोगापुरतींच, अशी समजूत होती. घट्ट गांठीवरही ती चालतात म्हटल्यावर कोणत्या गांठीवर कोणतें, हें ठरविणें भाग पडलें. यासाठीं त्यांनीं पेशीशास्त्रज्ञ ज्युएल प्लमर कॉब यांच्याशीं सहकार्य केलें. शस्त्रक्रियेंत काढलेल्या गांठीचे बारीक तुकडे कांचेंत वाढवावयाचे, त्यांवर औषध घालावयाचें, सूक्ष्मदर्शकांतून पेशींची नासधूस पाहावयाची, आणि तेंच औषध त्याच रोग्याला दिल्यावर काय झालें याच्याशीं ताडून पाहावयाचें, असा हा उद्योग होता. १९५७ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा ताळा एका प्रमुख वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध केला. तबकडी आणि शरीर यांच्यांत कांहीं मेळ आहे, एवढें त्यावरून दिसलें. त्याच दशकांत ब्लॅक आणि स्पीअर या दोघांनीं रंग बदलणाऱ्या रसायनाच्या साह्यानें गांठीच्या चकत्यांतील श्वसनक्रिया औषधानें मंदावते कीं नाहीं हें पाहण्याची रीत काढली.

या आरंभींच्या कामांत जी अडचण दिसली तिचा मुंबईशींही संबंध आहे. पुण्यांत जन्मलेल्या आणि हुजूरपागेंत शिकलेल्या कमल रणदिवे १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेंत काम करण्यास गेल्या. याच गे यांनीं १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गांठीपासून ‘हेला’ ही पेशींची जात वाढविली. त्या बाईला न विचारतां घेतलेल्या त्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. बाई मात्र त्याच वर्षीं गेली. परत आल्यावर रणदिव्यांनीं परळच्या कर्करोगसंशोधन केंद्रांत पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशांतील अशा प्रकारच्या पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते.

हेला पेशींची ख्याति पसरली तशी एक चुकीची समजूतही पसरली. लोकांना वाटूं लागलें कीं, कर्करोगाची पेशी म्हणजे कोठेंही टाका, गवतासारखी फोफावणार. वस्तुतः हेला हा अपवाद होता. बहुतेक गांठींतील पेशी शरीराबाहेर काढल्या कीं कोमेजतात, आणि तबकडींत जें जोमानें वाढतें तें पुष्कळदां कर्करोग नसून त्याच्या शेजारचे निरुपद्रवी तंतुजनक पेशींचें रान असतें. अशा रानावर औषध घालून पाहणें म्हणजे शेजाऱ्याच्या चुलीवरचें शीत चेपून आपला भात शिजला म्हणण्यासारखें आहे.

ही अडचण सुटली, असें १९७७ सालीं सर्वांना वाटलें. अॅरिझोना विद्यापीठांतील अॅन हॅम्बर्गर आणि सिडनी सॅमन यांनीं एक नवी पद्धति प्रसिद्ध केली. अगार या समुद्रशेवाळापासून काढलेल्या खिरीसारख्या मऊ पदार्थाचे दोन थर द्यावयाचे. वरच्या थरांत रोग्याच्या पेशी मिसळावयाच्या. तंतुजनक पेशींना आधाराला घट्ट पृष्ठभाग लागतो. तो येथें नसल्यामुळें त्या वाढत नाहींत. कर्करोगाची मूळ पेशी मात्र अधांतरीं विभागत जाते व दोन आठवड्यांत तिच्यापासून एक लहानशी वसाहत तयार होते. औषध घातलेल्या तबकडींतील वसाहती मोजावयाच्या, न घातलेल्या तबकडींतील मोजावयाच्या, आणि भागाकार करावयाचा. पुढच्याच वर्षीं सॅमन व सहकाऱ्यांनीं मज्जेच्या आणि बीजाण्डकोशाच्या कर्करोगाच्या रोग्यांत ही चाचणी व प्रत्यक्ष गुण यांचा उत्तम मेळ बसल्याचें दाखविलें. केवढा उत्साह पसरला असेल याची कल्पना आपण करूं शकतां. ठिकठिकाणीं प्रयोगशाळा निघाल्या. जंतूंना जें लाभलें तें आतां कर्करोगालाही लाभणार, असें लोक बोलूं लागले.

पण मोजदाद जसजशी वाढली तसतशा शंकाही वाढल्या. १९८३ सालीं टोरॉण्टोच्या संशोधकांनीं या पद्धतीची कठोर चिकित्सा केली. एका तबकडींत सुमारें पांच लाख पेशी टाकाव्या तेव्हां कोठें वसाहती निघत, आणि निदान तीस तरी निघाल्याशिवाय चाचणी ग्राह्य धरतां येत नसे. पुष्कळ रोग्यांच्या बाबतींत तेवढ्याही निघत नसत. गांठ चाळून पेशी सुट्या करतांना त्यांचे पुंजके तसेच राहत, व तेच पुढें वसाहती म्हणून मोजले जात. म्हणजे जें वाढलेंच नव्हतें तें वाढल्याचें दिसे.

याशिवाय आणखी एक मूलभूत गोष्ट होती. तबकडी म्हणजे शरीर नव्हे. सायक्लोफॉस्फमाइड या औषधाचें उदाहरण घ्या. बाटलींत असतां तें जवळजवळ निष्क्रिय असतें; यकृतांतून गेल्यावर त्याचें रूपांतर होतें आणि मग तें पेशींना मारूं लागतें. तबकडीला यकृत नाहीं. तेथें तें औषध जसेंच्या तसें घातलें तर पेशी निर्धास्त राहतात, आणि शहाणी दिसणारी चाचणी एका उत्तम औषधाला नालायक ठरविते. यासाठीं आधींच रूपांतर केलेलें द्रव्य वापरावें लागतें. तसेंच औषध गांठीपर्यंत किती पोंचतें, किती वेळ टिकतें, गांठीच्या गाभ्यांत रक्तवाहिन्या आहेत कीं नाहींत, यांपैकीं कशाचाच पत्ता तबकडीला नसतो.

आणि येथेंच शिताचा दाखला अपुरा पडतो. एका पातेल्यांतला भात एकाच तांदळाचा आणि एकाच आंचेवर शिजलेला असतो, म्हणून एक शीत सगळ्यांच्या वतीनें साक्ष देऊं शकतें. कर्करोगाची गांठ अशी एकजिनसी नसते. तिच्या एका कोपऱ्यांतील पेशी औषधाला बळी पडतात, दुसऱ्या कोपऱ्यांतील दाद देत नाहींत. आणि फुप्फुसांत जाऊन बसलेली पिल्लें मूळ गांठीहून निराळीं निघतात. रोगी दगावतो तो बहुधा दाद न देणाऱ्या त्या मूठभर पेशींमुळें. तुकडा कापतांना नेमक्या त्याच हातीं लागतील याची हमी कोणी द्यावी?

असो. चाचणीच्या पुरस्कर्त्यांनीं या आक्षेपांकडे पाठ फिरविली नाहीं, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण. ठिकठिकाणचे अनुभव एकत्र केल्यावर असें आढळलें कीं, चाचणीनें ‘हें औषध चालणार नाहीं’ म्हटलें तर दहांपैकीं सुमारें नऊ वेळां तें खरें ठरे. ‘चालेल’ म्हटलें तर दहांपैकीं सहा-सात वेळां. ऐकतांना हे आंकडे मोठे गोड वाटतात. परंतु थोडा हिशेब करून पाहूं या. समजा, एका हट्टी रोगांत शंभरांपैकीं दहा रोग्यांनाच एखादें औषध लागू पडतें. तेथें एखाद्यानें कसलीही चाचणी न करतां डोळे मिटून प्रत्येकाला ‘चालणार नाहीं’ असें सांगितलें, तरी शंभरांत नव्वद वेळां तो खरा ठरेल. म्हणून नुसता मेळ बसला एवढ्यानें चाचणीची किंमत ठरत नाहीं. तिच्यामुळें डॉक्टरांनीं काय निराळें केलें, आणि त्या निराळ्या वागण्यानें रोग्याच्या पदरांत काय पडलें, हें पाहावें लागतें.

तें पाहण्याचा मार्ग एकच. रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावयाचे. एका गटाला चाचणीच्या सल्ल्यानें औषध द्यावयाचें, दुसऱ्याला डॉक्टरांच्या अनुभवानें. आणि शेवटीं दोन्ही गटांचा हिशेब मांडावयाचा. टेक्ससमधील डॅनियल व्हॉन हॉफ हे या वसाहत-पद्धतीचे मोठे अभ्यासक व पाठिराखे. त्यांनींच ही कसोटी लाविली, व १९९० सालीं १३३ रोग्यांचा निकाल प्रसिद्ध केला. चाचणीच्या गटांतील पुष्कळांच्या पेशी वाढल्याच नाहींत, त्यामुळें त्यांना चाचणीचा सल्लाच मिळूं शकला नाहीं. ज्या थोडक्यांना तो मिळाला त्यांच्यापैकीं शंभरीं २१ जणांची गांठ लक्षांत येईल इतकी आटली. डॉक्टरांच्या निवडीच्या गटांत हें प्रमाण शंभरीं ३ होतें. परंतु आयुष्याची मोजणी केली तेव्हां दोन्ही गट सारखेच जगले होते.

या निकालावर क्षणभर थांबणें अवश्य आहे. गांठ आटली, पण आयुष्य वाढलें नाहीं. रोग्याला आणि त्याच्या घरच्यांना काय हवें असतें? छायाचित्रांतली लहान झालेली सावली कीं आणखी एक दिवाळी? दुसरें मिळेल या आशेवरच पहिल्याचें मोल असतें. ज्यांनीं हा निकाल आपल्याच आवडत्या पद्धतीविरुद्ध छापून काढला त्यांच्याविषयीं मला आदर वाटतो.

वसाहती मागें पडल्या, तरी मूळ कल्पना कोणी सोडली नाहीं. पेशींची वाढ मोजण्याऐवजीं त्यांचा मृत्यु मोजावा, असा विचार पुढें आला. अमेरिकन डॉक्टर लॅरी वाइजेंथाल यांनीं १९८३ सालीं सांगितलेल्या पद्धतींत मेलेल्या पेशींना हिरवा रंग चढतो, आणि मोजणीला मापदंड म्हणून बदकाच्या रक्तांतील तांबड्या पेशी ठराविक संख्येनें मिसळलेल्या असतात. आणखी एका पद्धतींत काजव्याच्या शरीरांतील प्रकाश देणारें द्रव्य वापरतात. पेशी जिवंत असेल तर तिच्यांतल्या शक्तिद्रव्यामुळें उजेड पडतो, मेली असेल तर अंधार. ही काजव्याची चाचणी ब्रिटन व जर्मनींतील संशोधकांनीं बीजाण्डकोशाच्या परत उलटलेल्या कर्करोगाच्या १८० स्त्रियांवर कसास लाविली. २००७ सालीं आलेल्या निकालांत फरक चाचणीच्या बाजूला झुकलेला होता, परंतु योगायोग नव्हे असें छातीठोकपणें म्हणण्याइतका तो मोठा नव्हता.

याला एक उजळ बाजूही आहे. ल्यूकेमियांत पेशी रक्तांतच असतात; त्या सहज मिळतात व बऱ्याच एकजिनसी असतात. अॅम्स्टरडॅममधील रॉब पीटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालीं दाखविलें कीं, ज्या मुलांच्या पेशी चाचणींत औषधांना दाद देत नाहींत, त्यांचा रोग पुढें उलटण्याचा संभव अधिक असतो. तेथें शितावरून भाताची परीक्षा बरीच साधते, कारण तेथें शितें खरोखरच एकमेकांसारखीं आहेत.

अमेरिकेंतील कर्करोगतज्ज्ञांच्या प्रमुख सोसायटीनें २००४ सालीं या सर्व पुराव्याची छाननी केली. निर्णय असा झाला कीं, संशोधनाच्या चौकटीबाहेर, नेहमींच्या व्यवहारांत, या चाचण्यांवरून औषध निवडूं नये. २०११ सालीं पुन्हां छाननी झाली व तोच निर्णय कायम राहिला. इतिहासाचा योग असा कीं, १९६४ सालीं ज्या सात डॉक्टरांनीं ही सोसायटी स्थापिली त्यांत एकच स्त्री होती, आणि ती म्हणजे डॉ. जेन राइट. तिनें ज्या प्रश्नासाठीं आयुष्याचीं उमेदीचीं वर्षे खर्च केलीं, त्याच्या प्रचलित उत्तरांना तिनेंच उभारलेल्या संस्थेनें ‘अद्याप नाहीं’ म्हणून सांगितलें. डॉ. राइट २०१३ सालीं, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं निवर्तल्या. माझ्या मतें यांत त्यांचा पराभव नाहीं. ताळा पाहिल्याशिवाय उत्तर मानूं नये, हीच शिस्त त्यांनीं १९५७ च्या त्या निबंधांत पाळली होती.

दरम्यान दुसऱ्या वाटेनें कांहीं गोष्टी साधल्या. पेशी मारून पाहण्याऐवजीं तिच्या अंगावरील खूण वाचावी, अशी ही वाट आहे. स्तनाच्या गांठींत स्त्रीरसाचें ग्राहकद्रव्य आहे कीं नाहीं, हें पाहून त्या रसाला अटकाव करणारें औषध द्यावें कीं न द्यावें हें ठरूं लागलें. पुढें गांठींतील २१ जनुकांची नोंद घेणारी एक चाचणी निघाली, आणि दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासांत २०१८ सालीं असें दिसलें कीं, स्तनाच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारांत मध्यम गुण पडलेल्या बहुतेक स्त्रियांना केमोथेरपी न दिली तरी चालतें. कोणतें विष द्यावें या प्रश्नाऐवजीं विष द्यावयासच हवें काय, या प्रश्नाचें हें उत्तर होतें, आणि अनेक घरांत तेंच अधिक मोलाचें ठरलें.

जुन्या वाटेवरही पुन्हां वर्दळ सुरू झाली आहे. २००९ सालीं हॉलंडमध्यें हान्स क्लेव्हर्स व तोशिरो सातो यांनीं आंतड्याच्या मूळ पेशींपासून तबकडींत आंतड्याची चिमुकली प्रतिकृति वाढविली. अशा प्रतिकृति मग रोग्यांच्या गांठींपासूनही होऊं लागल्या. लंडनच्या संशोधकांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलें कीं, पसरलेल्या अन्नमार्गाच्या कर्करोगांत या प्रतिकृतींनीं ‘चालेल’ म्हटलें तेव्हां शंभरीं ८८ वेळां तें खरें ठरलें, आणि ‘चालणार नाहीं’ म्हटलें तेव्हां प्रत्येक वेळां. पण २०२१ सालीं हॉलंडमध्यें प्रतिकृतीच्या सल्ल्यानें प्रत्यक्ष औषध देण्याचा प्रयोग झाला. त्यांत दाखल झालेल्या ६१ रोग्यांपैकीं सहांनाच तसें औषध देतां आलें, व टिकाऊ लाभ एकालाही झाला नाहीं. उलट व्हिएन्नाहून २०२२ सालीं रक्ताच्या कर्करोगाच्या ५६ रोग्यांची हकीकत आली. त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांचा रोग मागील औषधापेक्षां या वेळीं अधिक काळ काबूंत राहिला. मात्र तेथें तुलनेसाठीं चिठ्ठ्या टाकून पाडलेला दुसरा गट नव्हता.

श्रोतेहो, या सर्व इतिहासांतून आपण संसारी माणसांनीं काय घ्यावें? आपल्यापैकीं कोणावर हा प्रसंग येऊं नये. पण आलाच आणि कोणी म्हणालें कीं, “गांठीचा तुकडा द्या, आम्ही नेमकें औषध काढून देतों,” तर त्याला हिडिसफिडिस करूं नये आणि त्याच्यावर सर्वस्व उधळूंही नये. शांतपणें दोन प्रश्न विचारावे. या चाचणीच्या सल्ल्यानें चाललेल्या रोग्यांची, तिच्याविना चाललेल्यांशीं चिठ्ठ्या टाकून तुलना झाली आहे काय? आणि झाली असेल तर त्या रोग्यांचें आयुष्य वाढलें, कीं नुसता तबकडीचा आणि शरीराचा मेळ बसला? या दोन प्रश्नांचीं सरळ उत्तरें देणारा मनुष्य विश्वासास पात्र समजावा. संकटांत सांपडलेलें घर आशेच्या भरांत हे प्रश्न विचारावयास विसरतें, म्हणून ते आधींच सांगून ठेवण्याची गरज आहे.

व्यक्ति तितक्या प्रकृति हें खरें आहे. रोगाचीही प्रकृति निरनिराळी असते आणि एकाच गांठींतही ती निरनिराळी असते, एवढी भर विज्ञानानें त्या म्हणींत घातली. हार्लेममधल्या त्या प्रयोगशाळेंत ज्या स्त्रीनें पहिल्यानें रोग्याच्या नांवाची चिठ्ठी तबकडीवर डकविली असेल, तिचा प्रश्न आजही बरोबर आहे. त्याचें उत्तर तबकडींत सुरू होतें, पण पुरें होतें तें रोग्याच्या घरीं, तो किती दिवस आणि कसा जगला यावरून.